सँपल आणलंय?

मशीनचा सुटा भाग घ्यायला डहाणूच्या बाजारात गेलं, की दुकानदार कंपनी विचारत नाही, मॉडेल विचारत नाही, भागाचं नाव तर नाहीच नाही. तो तुमच्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, "सँपल आणलंय?" सँपल म्हणजे तुटलेला, झिजलेला नाहीतर जळलेला जुना भाग. तो खिशात असेल तर तुम्ही गिऱ्हाईक. नसेल तर नुसते चौकशीवाले. मोबाईलवर फोटो काढून आणणाऱ्यांना या दोघांच्या मधे कुठेतरी जागा असते, कारण फोटोत भाग दिसतो, माप दिसत नाही. शेठ फोटो दोन बोटांनी मोठा करतात, आणखी मोठा करतात आणि शेवटी म्हणतात, "असाच असतो. पण केवढा असतो?"

खरी मजा रिकाम्या हाताने आलेल्यांची. "ते क्लचच्या मागं असतं बघा, गोल, पण एका बाजूने गोल नाही." शेठ शांतपणे मागे वळून फळीवरचे डबे काढतात. प्रत्येक डब्यात गोल पण एका बाजूने गोल नसलेल्या वस्तू भरलेल्या असतात. मग निवड सुरू होते आणि तिला चहा लागतो.

आमच्या रानशेतच्या बाजूला कटर मशीन घरटी नाही, पण वाडीटी आहे म्हणायला हरकत नाही. चेनसॉ हे त्याचं नाव बिलावर असतं, तोंडी कटरच. याआधी कमरेच्या आकडीत कोयता आणि खांद्यावर कुऱ्हाड, एवढ्यावर इथल्या वारली माणसाने पिढ्यान्‌पिढ्या रान, वाडी आणि घर सांभाळलं. त्या हत्यारांना सुटा भाग एकच, दांडा. तो मोडला की रानातून नवा आणायचा. सँपल लागत नाही, हाताला माप ठाऊक असतं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण ज्याने केली त्याने झाडाची बाजू घेतली. वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं, तर स्वतःचा सुटा भाग स्वतःच तोडून आणणारं दुसरं अवजार मला तरी माहीत नाही. कटरला हे जमत नाही. समोर अख्खा साग उभा असला तरी त्याच्या कार्बोरेटरला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कटर इकडे रुळलं ते दोन कारणांनी. एक चिकू. जुन्या वाड्यांत झाडांचे घेर एकमेकांना भिडलेत, खाली ऊन उतरत नाही, दमटपणा साठतो आणि बी पोखरणारी अळी माजते. म्हणून फांद्या विरळ करा असं शेतीतज्ज्ञ सांगत आलेत. दुसरं कारण तौक्ते. १७ मे २०२१ ला ते वादळ किनाऱ्याला धरून गुजरातकडे सरकलं आणि जाता जाता डहाणू-घोलवडच्या वाड्यांतली जुनी झाडं आडवी करून गेलं. रस्ता मोकळा करायला, वाडी साफ करायला कुऱ्हाड पुरेना. ज्याच्याकडे कटर होतं तो त्या दिवसांत आमदारापेक्षा मोठा माणूस होता. उभं झाड तोडायचं तर परवानगी लागते, खैर-सागाला हात लावायच्या आधी वनखातं आठवावं लागतं. आमचं काम पडलेल्याचं आणि छाटणीचं. पण पडलेलं झाडसुद्धा मशीन चालू असलं तरच कापलं जातं, आणि मशीन चालू नसणं हीच त्याची नेहमीची अवस्था.

तसं त्यात काही फार नाही. दोन स्ट्रोकचं इंजिन, क्लच, त्यावर दात्यांचं चाक, एक लांब पट्टी आणि तिच्या कडेने पळणारी चेन. पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑईल मिसळायचं, चेनसाठी वेगळं ऑईल वेगळ्या टाकीत. इथेच पहिली चोरी होते. चेनच्या टाकीत गाडीतून काढलेलं काळं ऑईल ओततात, 'तेवढंच कामाला येतं' म्हणून. त्यातला बारीक कीस पंपाला खातो, चेन कोरडी पडते, पट्टी निळी पडेपर्यंत तापते आणि मग ऑईल वाचवलं म्हणून तीन भाग घ्यायला लागतात. हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. काळं ऑईल तरीही ओतलं जातं.

चेन घ्यायची म्हणजे मोजणी. दुकानात चेन रिळावर असते, कापडासारखी तोडून देतात. ही जी स्वस्तातली मशीन आमच्याकडे आहेत, त्यांच्या वीस इंची पट्टीला खालचे दाते ७६ लागतात, बावीस इंचीला ८६. पण पट्टीवरचा आकडा कधीच पुसला गेलेला असतो, म्हणून पुन्हा सँपल. जुनी चेन काउंटरवर लांब पसरायची, शेजारी नवी पसरायची आणि शेठनी काडीने दाते मोजायचे. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर, आणि फोन वाजतो. फोनवर कुणीतरी पाण्याच्या मोटरचा भाव विचारतो, शेठ एक आकडा सांगतात आणि त्या आकड्यापासून पुढे मोजायला लागतात. मग सगळं पहिल्यापासून. शेवटी रिव्हेट उडवायची, जोडकडी घालायची, ठोकायची. जोडलेल्या जागी बोट फिरवून बघायचं. तिथे कडी अडकत असेल तर चेन पट्टीवर उड्या मारते. हे बोट फिरवणं गिऱ्हाइकाने करायचं असतं. शेठ फक्त बघतात, परीक्षा घेतल्यासारखे.

ही चेन ज्याने आजच्या रूपात आणली त्या माणसाची गोष्ट चिकूवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकेतल्या ओरेगनचा लाकूडतोड्या. १९४६ साली त्याने लाकडात एक अळी बघितली. ती उभ्या रेषांना जुमानत नव्हती, आडव्यांनाही नाही. तोंडाचे दोन आकडे डावी-उजवीकडे चालवत सरळ पोखरत निघाली होती. त्याने तेच दाते लोखंडात केले, एक डावा, एक उजवा. चेन हातात घेऊन बघा, अजून तसेच आहेत. आम्ही अळीला शिव्या देत छाटणी करतो, आणि छाटणीची अक्कल अळीकडून आलेली.

आता मशीनच्या जातीबद्दल. एक जात नामांकित परदेशी कंपन्यांची. त्यांच्या प्रत्येक स्क्रूला लांबलचक नंबर असतो, तो नंबर सांगून भाग मागवायचा, वाट बघायची, आला की तो असा बसतो की कानस लावायची सोय नाही. किंमत ऐकून माणूस आधी मशीनकडे बघतो, मग भागाकडे. दुसरी जात बिननावाची. म्हणजे नावं आहेत, भरपूर आहेत. केशरी, हिरवं, लाल, पिवळं, प्रत्येक रंगाला वेगळं नाव आणि डब्यावर वेगळा वाघ. आतून मात्र सगळी एक. कधीकाळच्या एका जपानी मशीनची चीनमध्ये नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, आणि आता मूळ मशीन कुणाला आठवत नाही इतक्या नकला फिरताहेत.

माझं मत असं, की आमच्यासारख्या भागात नक्कलच बरी. कारण ज्याची नक्कल सगळ्यांनी केली, त्याचे भाग सगळीकडे मिळतात. लाल मशीनचा स्टार्टर हिरव्याला बसतो, हिरव्याचा कार्बोरेटर केशरीला. अस्सल मशीन एकाच घराण्याचं, ते आपल्या माणसाशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेत नाही. नकलेला कुळाचा अभिमान नाही. तिचा भाग कासा, चारोटी, तलासरी, कुठेही मिळतो. फक्त थोडी कानस मारल्याशिवाय बसत नाही. पण ते सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे कुणाचा अपेक्षाभंग होत नाही.

या नकलांच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. माझ्या मशीनवर मोठ्या अक्षरात '५८ सीसी' लिहिलंय. शेजारच्या वाडीतल्यावर '५२ सीसी'. त्यांचा पिस्टन गेला तेव्हा आम्ही दोघं कासाच्या एका गॅरेजमध्ये बसलो होतो. मिस्त्री म्हणाला, बावन्नचा पिस्टन ४५ मिलिमीटर, अठ्ठावन्नचा ४५.२. क्रँक दोघांना तोच चालतो, म्हणजे पिस्टनची वरखाली चालही तीच. शेजारी निवृत्त शिक्षक. त्यांनी खिशातून पेन काढलं, पिस्टनच्याच खोक्यावर गुणाकार मांडला आणि चष्मा वर करून म्हणाले, "अहो, फरक अर्ध्या सीसीचा येतोय. तुमचे बाकीचे साडेपाच कुठे गेले?"

"स्टिकरमध्ये," मिस्त्री म्हणाला.

गुरुजी त्या दिवशी फार खूश होते. मी अठ्ठावन्नचे पैसे दिले होते.

नकलेला नावं ठेवण्याआधी चिकूकडेही जरा बघावं. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. इथे त्याचं कलम बांधतात ते खिरणीवर, जिला आमच्याकडे रायण म्हणतात. दोघं एकाच कुळातली, म्हणून बसतात. खाली आपल्या रानातलं चिवट मूळ, वर परदेशी पाहुणा, मधे भेटकलमाची गाठ. हे जोडकाम इतकं पक्कं बसलं की २०१६ साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. बावन्नच्या बुडावर अठ्ठावन्नचं डोकं, आणि वर सरकारी शिक्का!

सुटा भाग विकत मिळाला नाही की करावा लागतो, आणि इथे कारागिरांचा प्रदेश सुरू होतो. सगळ्यात साधं पॅकिंग. त्याच कासाच्या मिस्त्रीला मी ते करताना बघितलंय. त्याने पॅकिंगचा कागद चेंबरच्या उघड्या तोंडावर ठेवला, डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरला आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने टिचक्या मारत गेला. जोरात नाही, दारावर पाव्हण्याने मारावी तशी. कागद धातूच्या कडेवर आधी दबला, मग पांढरा पडला, मग कातरत गेला. बोल्टच्या भोकांवर त्याने बेअरिंगची एक गोळी ठेवली आणि प्रत्येक भोकावर एकच टोला दिला. कागदाच्या छोट्या चकत्या आत पडल्या, त्या त्याने फुंकरीने उडवल्या. पट्टी नाही, पेन्सिल नाही, कंपास नाही. मशीननेच आपलं माप कागदावर काढून दिलं. मी विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाला, "यात शिकायचं काय आहे काका?" मग पेट्रोलचा हात पुसत त्यानेच सांगितलं, की पहिलं वर्षभर त्याच्या उस्तादाने त्याला फक्त चकत्या उचलायला ठेवलं होतं. आत एक जरी राहिली तर इंजिन गेलं.

डायफ्रॅमचं मात्र करता येत नाही. कार्बोरेटरमधला तो पातळ पडदा कडक झाला की मशीन पहिल्या दोरीला सुरू होतं, दुसऱ्या फांदीला बंद पडतं. डहाणूत रबरी फुग्यांचे कारखाने आहेत, तेव्हा गॅरेजमधल्या पोराने एकदा फुग्याच्या रबराचा पडदा कातरून बसवला. कल्पना वाईट नव्हती. पण फुग्याचं रबर पेट्रोल पितं आणि फुगतं, तोच त्याचा धर्म. कार्बोरेटर उघडला तेव्हा आत पडद्याच्या जागी सुरकुतलेली द्राक्षं होती. पोराचा उत्साह तेवढ्याने गेला नाही. त्याने लगेच विचारलं, "काका, हातमोज्याचं चालेल का?"

लेथचं काम निघालं तर तालुक्याबाहेर जावं लागतं. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, कारखान्यांवर मर्यादा आल्या, पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण त्यावर लक्ष ठेवून बसलं. वाड्या राहिल्या, रान राहिलं, ते त्यामुळेच. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याचा एक बारीकसा परिणाम असा, की झाडं इथे आणि लेथ तिकडे. दात्यांच्या चाकाचा बूश करायचा तर बोईसर, नाहीतर सीमा ओलांडून वापी. तलासरीकडच्या लोकांना वापीच जवळ. तिथले लेथवाले आमच्या पिशवीतून निघालेला बूश बघतात, एरवी त्यांच्याकडे येणारे मोठमोठे शाफ्ट बाजूला सारतात आणि म्हणतात, "आटलूं ज?" एवढंसंच? मग पाच मिनिटांत करून देतात. जायला-यायला दिवस जातो.

पण अगदी बारीक काम असेल तर तालुक्यातच असे हात आहेत, जसे लेथवाल्याकडेही नसतील. चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात छिणीने उलटी नक्षी कोरायची, मग त्यावर सोनाराने पत्रा ठोकायचा. माझ्या मशीनच्या स्टार्टरचा खटका तुटला. दोरी ओढली की चाकाला धरून फिरवणारं नखाएवढं आकडं. सगळी दुकानं पालथी घातली, नव्या तऱ्हेचा खटका मिळत होता, या तऱ्हेचा नाही. तेव्हा कुणीतरी या डायवाल्याचं नाव सुचवलं.

तो खिडकीशी मांडी घालून बसला होता, एका डोळ्याला भिंग. मी तुटलेले दोन तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने ते भिंगाखाली जोडून बघितले, उलटे केले, पुन्हा बघितले.

"यात नक्षी कुठाय?"

"नक्षी नाही. हे मशीनचं आहे."

"मग सोपंय," तो म्हणाला, पण थोडासा खट्टू झाला असावा.

जुन्या डायच्या पोलादाचा एक चुकार तुकडा त्याने शोधला. भोक पाडलं, मग कानस. मोठी, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटची तर कानस म्हणावी की काडी असा प्रश्न पडेल. दर थोड्या वेळाने तुकड्यांशी मिळवून बघायचा आणि पुन्हा दोन हात मारायचा. शेवटी तापवून लाल केला, तेलात बुडवला, चर्र आवाज झाला, आणि खटका तयार. पैशाचं विचारलं तर बावरला. सोनाराकडचे दर त्याला ठाऊक होते, कटरचे नव्हते. घरी येऊन बसवताना दिसलं, की आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक पाकळी कोरलेली आहे. फोन करून विचारलं, तर म्हणाला, "रिकामी जागा होती." ती पाकळी झाकणाच्या आत गेली. माझ्या मशीनमध्ये ५८ सीसी नसतील, पण दोरी ओढली की एक फूल फिरतं.

तिकडे दिल्लीतही या विषयावर विचार चालू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाईल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्या जोडीला शेतीची अवजारंही तिच्या यादीत आहेत. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहितीपत्रकं ग्राहकाला द्यावीत, असा रोख. चांगलंच आहे. फक्त आमच्या मशीनची कंपनी कोणती हे समितीने शोधून काढलं, तर पहिला सत्कार रानशेतला करू. माहितीपत्रक मात्र मला मिळालं होतं. त्यात मशीनचे सगळे भाग सुटे होऊन हवेत तरंगतात, प्रत्येकाला नंबर, आणि नंबरांची यादी दुसऱ्याच मॉडेलची.

बाकी सुट्या भागांचा खरा साठा दुकानात नाहीच. तो गोणीत आहे. प्रत्येक वाडीच्या पडवीत एक गोणी असते आणि तिच्यात एक बंद पडलेलं कटर. कटर कधी भंगारात जात नाही, ते गोणीत जातं आणि तिथून थोडं थोडं बाहेर येतं. क्लच गंगणगावला जातो, झाकण आशागडला, पट्टी कुणीतरी 'दोन दिवसांसाठी' नेतो. पैशाचा व्यवहार क्वचित. क्लचच्या बदल्यात कार्बोरेटर, कार्बोरेटरच्या बदल्यात चिकूच्या दोन पाट्या, आणि 'मग बघू' हे चलन सगळ्यात जास्त फिरतं. कुणाचं कुठलं मशीन कशाने गेलं याची माहिती लोकांना नात्यागोत्याच्या माहितीइतकी पक्की असते. "त्यांचं ना? पिस्टन गेलाय. पण स्टार्टर एकदम नवा आहे हां," असं अगदी स्थळ सांगावं तसं सांगतात.

यंदा चांगला पाऊस पडून गेला, छाटणीचे दिवस आले आणि माझं मशीन पहिल्या दोरीला सुरू झालं. आवाज गुरुजींच्या वाडीपर्यंत गेला असणार. संध्याकाळी ते कुंपणाशी आले. आधी पावसाचं बोलले, मग चिकूच्या भावाचं, मग तब्येतीचं.

"मशीन चालू झालं वाटतं?"

"हो, एकदम झकास."

"बरं झालं," ते म्हणाले. थोडं थांबले. "नाही, माझ्या ऑईलच्या पंपाचं ते किड्यासारखं चाक गेलंय. तुमचं अजून चांगलं आहे ना?"

"आहे ना."

"असू दे, असू दे. घाई नाही. बंद पडलं की पहिला फोन मला करा."